अपुऱ्या विश्वासाचा बाप

शास्त्रभाग : मार्क ९ : १४ ते २९



ज्या दिवसाचा वृत्तांत ह्या शास्त्रभागात आला आहे, त्या दिवशी आपला प्रभू तीन शिष्यांसह डोंगरावरून खाली उतरत होता. डोंगरावर त्या तिघांनी त्याचे तेज पाहिले होते. मोशे व एलीया त्याच्याशी बोलत असताना पाहिले होते. खाली येऊन पाहतात तो गर्दी आणि गलबला. मागे राहिलेल्या नऊ शिष्यांशी शास्त्री लोक वाद घालीत आहेत, लोकसमुदाय भोवती दाटला आहे, आणि ह्या सर्व गोंधळात एक बाप आपल्या आजारी मुलासाठी तळमळत उभा आहे. वाद कशाविषयी चालला होता हे मार्क सांगत नाही. शिष्यांच्या हातून मुलगा बरा झाला नाही ह्यावरूनच बहुधा तो माजला असावा. परंतु वादाच्या भरात त्या मुलाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. आपल्या मंडळ्यांतही असे पुष्कळदा होते. विश्वासाच्या तत्त्वावर मध्यरात्रीपर्यंत वाद करणारे आम्ही शेजारच्या घरी कण्हत पडलेल्या माणसाची विचारपूस करावयास विसरतो. असो.

त्या मुलाचे दुखणे काय होते ते बापाने प्रभूला सांगितले. त्याला झटका येई, तो जमिनीवर कोसळे, तोंडाला फेस येई, दात करकर वाजत, अंग ताठ होई. प्रभूने विचारले की हे असे किती दिवसांपासून होत आहे. बापाने उत्तर दिले की लहानपणापासून. आणि पुढे हेही सांगितले की कितीदा तो विस्तवात पडला आहे, कितीदा पाण्यात. वाचकहो, ह्या दोन शब्दांवरून आपण उगीच पुढे जाऊ नये. ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांना त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. चूल पेटलेली असली की आईने एक डोळा तव्यावर व एक डोळा मुलावर ठेवावयाचा. विहिरीवर, ओढ्यावर त्याला एकटे कधी पाठवावयाचे नाही. रात्री जरा खुडबुड झाली की दचकून उठावयाचे. असे एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे. त्या बापाची आशा अशी झिजत झिजत आलेली होती. शिष्यांकडे आला तेव्हा ती थोडी उचलली, आणि शिष्यांना काही करता आले नाही तेव्हा पुन्हा खाली बसली. म्हणून तो प्रभूशी बोलताना ‘जर’ हा शब्द वापरतो. आपणाला काही करता येत असेल तर दया करा, असे त्याचे मागणे आहे. कुष्ठरोगी मनुष्य प्रभूकडे आला होता तेव्हा त्याचा ‘जर’ प्रभूच्या इच्छेविषयी होता. ह्या बापाचा ‘जर’ प्रभूच्या सामर्थ्याविषयीच आहे. ह्याहून दुबळी प्रार्थना शुभवर्तमानांत क्वचितच सापडेल.

प्रभूने तो ‘जर’ त्याच्या ओटीत परत टाकला. प्रश्न माझ्या सामर्थ्याचा नाही, असे जणू त्याने त्याला सांगितले. विश्वास ठेवणाऱ्याला सर्व शक्य आहे. तेव्हा तो बाप एकदम ओरडून बोलला, आणि त्याच्या बोलण्याचे दोन भाग होते. पहिल्या भागात त्याने आपला विश्वास आहे असे कबूल केले. दुसऱ्या भागात, त्याच श्वासात, आपल्या अविश्वासासाठी साहाय्य मागितले. एका तोंडातून दोन्ही निघाले, आणि दोन्ही खरे होते.

आता प्रभूने काय केले ते पाहा. अगोदर तुझा अविश्वास घालवून ये, मग मुलाचे पाहू, असे तो म्हणाला नाही. त्याने त्याला उपास नेमून दिला नाही, की पुढल्या सभेस यावयास सांगितले नाही. त्याने मुलाला बरे केले. त्याला हाताला धरून उठविले, आणि तो उभा राहिला. त्या बापाचा विश्वास पुरा झाला होता म्हणून हे घडले असे मार्क कोठेही लिहीत नाही. जेवढा होता तेवढा घेऊन तो बाप प्रभूपुढे उभा राहिला, आणि जो नव्हता तोही त्याने लपविला नाही, एवढेच आपणाला दिसते.

ह्या शास्त्रभागावर मी अनेकदा उपदेश केला आहे. परंतु माझ्या आयुष्यातील एक गोष्ट मी ह्यासंबंधाने उपदेशपीठावरून कधी सांगितली नव्हती. ती आज लिहितो, कारण हे पत्र वाचणाऱ्यांत आमचे उपदेशक व मास्तर पुष्कळ आहेत, आणि माझी चूक त्यांच्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये असे मला वाटते.

सेमिनरीतून बाहेर पडून मला दोनच वर्षे झाली होती. माझ्याकडे सोपविलेल्या एका खेड्यात सात ख्रिस्ती घरे होती. त्यांतील एका शेतमजुराच्या नऊ वर्षांच्या मुलाला ताप भरला. घराबाहेरचे नातलग म्हणू लागले की देवऋष्याकडे न्या, अंगारा लावा. बापाने निक्षून नाही म्हटले. आम्ही आता प्रभूचे झालो, असे त्याने भावकीच्या तोंडावर सांगितले. मला बोलावणे आले. मी गेलो, हात ठेवून प्रार्थना केली, आणि विश्वास धरा, असे सांगून परत आलो. दवाखान्यात न्या, असे मी म्हटले, पण चिकटून म्हटले नाही. गाडी मी केली नाही, बरोबर गेलो नाही. चौथ्या दिवशी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेले तेव्हा फार उशीर झाला होता.

मूठमाती देऊन आम्ही परतत होतो. वाटेत बापाने मला विचारले, “पाळकसाहेब, माझा विश्वास कोठे कमी पडला?”

बंधूंनो, त्या वेळी मला गप्प राहता आले असते. त्याच्याबरोबर रडता आले असते. परंतु सेमिनरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाजवळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते. मी म्हणालो, “दादा, देव आपल्या विश्वासाची परीक्षा पाहतो. विश्वास वाढवावा म्हणून प्रार्थना करीत जा.” त्याने मान हलविली. त्यानंतर तो उपासनेस येत राहिला, पण दाराजवळ बसू लागला, आणि शेवटचे गीत सुरू झाले की उठून जाऊ लागला. त्याने मला काय विचारले होते आणि मी त्याला काय सांगितले होते, हे समजावयास मला फार वर्षे लागली. आपल्या अपुऱ्या विश्वासामुळे आपले लेकरू मेले काय, असे तो विचारीत होता. आणि मी त्याला ‘होय’ म्हटले होते.

हे उत्तर शास्त्राला धरून नव्हते, हे आता दाखवितो.

जुन्या करारात विश्वासासाठी जो इब्री शब्द येतो त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘पक्का असणे, आधार देणे, उचलून धरणे’ असा आहे. अमालेकाशी लढाई चालली असता मोशेचे हात थकले, तेव्हा अहरोन व हूर ह्यांनी दोहों बाजूंनी ते धरून ठेवले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहिले, असे निर्गमाच्या सतराव्या अध्यायात आहे. तेथे ‘स्थिर’ ह्यासाठी जो शब्द आहे तो ह्याच धातूचा आहे. आणि ते हात स्वतःच्या बळाने स्थिर नव्हते, हे ध्यानात घ्या. दुसऱ्यांनी धरल्यामुळे ते स्थिर होते. रूथच्या पुस्तकाच्या शेवटी नामी त्या बाळाला उराशी घेऊन त्याची दाई झाली. ‘दाई’ हा शब्दही ह्याच धातूपासून निघाला आहे. हबक्कूकच्या ज्या वचनावर पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा पाया घातला, आणि सोळाव्या शतकात ज्या पत्रातून मार्टिन लूथरला मार्ग सापडला, त्या वचनातील विश्वासाचा शब्दही ह्याच कुळातला. आणि प्रार्थनेच्या शेवटी आपण लहानथोर सर्वजण जो ‘आमेन’ शब्द म्हणतो, तो ह्यांचाच भाऊ. आमेन म्हणजे ‘हे पक्के आहे, ह्यावर मी टेकतो.’ ज्यांना अक्षर वाचता येत नाही तेसुद्धा दर रविवारी इब्री भाषेत विश्वासाचा अंगीकार करितात!

कडेवरच्या बाळाचा दृष्टांत आपल्या बायकांना चांगला समजेल. बाळ आईच्या गळ्याला मिठी मारते, लुगड्याचा पदर मुठीत धरते. परंतु ते पडत नाही ते त्या इवल्या मुठीमुळे नव्हे. आईचा हात त्याच्याखाली आहे म्हणून ते पडत नाही. झोप लागून मूठ सुटली तरी आई काही हात काढून घेत नाही.

पुरुषांसाठी दुसरे उदाहरण सांगतो. आमच्या बाजूस विहीर खोदताना दगड व गाळ वर काढण्यासाठी यारी लावतात, आणि कामकरी लोक कधी कधी तिच्याच लोखंडी बादलीत बसून खाली उतरतात. मी काठावर उभा राहून हे पाहिले आहे. एक गडी गाणे म्हणत उतरला. दुसरा नवीन होता. त्याने डोळे मिटले, तार दोन्ही हातांनी कवटाळली, आणि बादली हलली की तो आईच्या नावाने ओरडे. दोघेही तळाला सुखरूप पोहोचले. तारेने गाणाऱ्याला अधिक व भिणाऱ्याला कमी धरले असे झाले नाही. उलट तार कुजकी असती तर गाणाऱ्याचे गाणे त्याच्या काय कामी आले असते? एक गोष्ट मात्र दोघांनीही केली होती, आणि काठावरून सल्ला देणाऱ्या मला ती करवली नव्हती. ते बादलीत बसले होते.

तर विश्वास म्हणजे आपल्या अंतःकरणात किती उष्णता आहे ह्याचे माप नव्हे. आपला भार कोणावर टाकला आहे, हा त्यातील प्रश्न आहे. आणि याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृतींवाचूनचा विश्वास मेलेला आहे असे बजावतो ते ह्याच्या विरुद्ध नाही. बादलीत न बसता तारेची स्तुती करणाऱ्याला तो ते सांगतो.

कोणी सुज्ञ वाचक येथे मला अडवील, आणि अडवावेच. तो म्हणेल, पाळकसाहेब, हाच वृत्तांत मत्तयाने सतराव्या अध्यायात दिला आहे. तेथे शिष्यांनी एकांती विचारले की आम्हांला हे का करता आले नाही, तेव्हा प्रभूने त्यांच्या अल्पविश्वासाचेच कारण दिले ना? होय, दिले. परंतु ते कोणाला उद्देशून दिले? शिष्यांना. बरे करावयास जे पुढे झाले होते, ज्यांना अधिकार मिळाला होता, जे लोकांपुढे फजीत झाले होते, त्यांना. त्या बापाला प्रभूने ते म्हटले नाही. अल्पविश्वासाचा ठपका त्याने सेवकांवर ठेवला, आणि आम्ही सेवक तो उचलून दुःखी माणसाच्या दारात नेऊन टाकतो. मी टाकला. शिवाय त्याच वचनात प्रभू लगेच मोहरीच्या दाण्याची गोष्ट काढतो. विश्वास शेरापायलीने मोजावयाचा असता तर त्याने ज्वारीच्या कणगीचे उदाहरण दिले असते. नासरेथात अविश्वासामुळे त्याने फारसे चमत्कार केले नाहीत हेही खरे आहे. परंतु तेथील लोक हा तर आमचा सुतार म्हणून अडखळून दूर राहिले. जो रडत, अडखळत, ‘जर’ म्हणत का होईना पण त्याच्याकडे आला, त्याला तू अपुरा आहेस म्हणून प्रभूने परत लाविल्याचे एकही उदाहरण मला शुभवर्तमानांत सापडलेले नाही.

आणखी एक अध्याय घ्या. प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा. हेरोद राजाने याकोबाला तरवारीने मारले आणि पेत्राला तुरुंगात टाकले. पेत्रासाठी मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करीत होती. देवदूताने पेत्राला सोडविले. तो मार्काच्या आईच्या घरी आला आणि त्याने दार ठोठावले. रुदा नावाची मुलगी दारापाशी आली, त्याचा आवाज ओळखला, आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावत जाऊन सांगू लागली की पेत्र आला आहे. प्रार्थना करणारे ते पवित्र लोक तिला काय म्हणाले? तुला वेड लागले आहे! ज्या गोष्टीसाठी गुडघे टेकले होते ती दारात उभी राहिली, आणि ह्यांना खरे वाटेना. वाचताना मला दर वेळी हसू येते, आणि मग धीर येतो. देवाने पेत्राला सोडविले ते ह्या लोकांच्या विश्वासाची रास मोठी होती म्हणून खास नव्हे. आणि याकोब? त्याच्यासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल काय? दोघेही प्रभूचे प्रेषित. दोघेही त्या डोंगरावर प्रभूबरोबर होते. एक सुटला, एक मारला गेला. याकोबाचा विश्वास कमी पडला, असे लूक म्हणत नाही. इब्र्यांस पत्राच्या अकराव्या अध्यायातही असेच आहे. पस्तिसाव्या वचनाच्या पूर्वार्धात स्त्रियांना त्यांची मेलेली माणसे जिवंत परत मिळाली, आणि त्याच वचनाच्या उत्तरार्धात दुसऱ्यांचे हालहाल झाले. पुढे दगडमार आहे, करवतीने चिरणे आहे. लेखकाने मध्ये रेघ ओढून अलीकडे विश्वासू व पलीकडे अविश्वासू असे दोन ढीग केले नाहीत. सर्वांना एकाच यादीत घेतले आहे.

आपल्या देशातील सेवकांचेही तसेच आहे. १८१३ साली मुंबईस येऊन मराठी लोकांत काम सुरू करणाऱ्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल हे १८२६ च्या मार्चात नाशिकच्या बाजूस प्रचारफेरीवर असता पटकीने वारले. तोवर तेरा वर्षांच्या श्रमांचे फळ त्यांच्या दृष्टीस फारच थोडे पडले होते. परंतु मला अधिक जवळची वाटते ती पंडिता रमाबाईंची हकीकत.

रमाबाईंनी तारुण्यातच आईबाप दुष्काळात गमावले, मग बहीण, मग भाऊ. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तो १८८२ साली पती पटकीने गेले, आणि कडेवर तान्ही मनोरमा राहिली. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की त्या वेळी आपणाला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास सापडला. एवढी विदुषी, संस्कृत शास्त्रे मुखोद्गत, ग्रीक व इब्री शिकलेली. आणि तिने हे कबूल करावे! विश्वासाविषयी पुष्कळ ठाऊक असणे ही एक गोष्ट व भार टाकणे ही दुसरी, हे ह्याहून स्पष्ट कोणी सांगितले आहे? सेमिनरीतून आलेल्या आम्हां लोकांनी तर ही कबुली वरचेवर वाचावी.

त्यानंतर केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो अनाथ मुली व विधवा त्यांनी सांभाळल्या. मनोरमाबाई वाढून आईचा उजवा हात झाल्या. सदनाचा भार पुढे त्याच वाहतील असे सर्व धरून चालले होते. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. म्हाताऱ्या व बहिऱ्या झालेल्या आईने एकुलती एक लेक मातीआड केली, आणि बायबलच्या भाषांतराच्या कामाकडे ती पुन्हा वळली. पुढल्या वर्षी, १९२२ च्या एप्रिलात, तीही गेली. आता मी विचारतो, मनोरमाबाईंसाठी केडगावी प्रार्थना झाली नसेल काय? ज्या ठिकाणी पहाटेपासून प्रार्थना चाले, त्या ठिकाणी? रमाबाईंना कोणी जाऊन सांगावे काय, की बाई, तुमचा विश्वास कमी पडला? जे त्यांना सांगावयास आपली जीभ धजणार नाही, ते वेशीबाहेरच्या झोपडीतल्या मजुराला सांगावयास कशी धजते? तो गरीब आहे म्हणून?

हे मी चढ्या आवाजात लिहितो आहे ह्याची मला जाणीव आहे. पण अलीकडे गावोगावी सभा होतात. मांडव घालून, कर्णे लावून कित्येक वक्ते सांगतात की खरा विश्वास असेल तर गोळ्या फेकून द्या, दवाखान्याची पायरी चढू नका. रोगी बरा झाला तर श्रेय वक्त्याला, न झाला तर दोष रोग्याच्या विश्वासाला. दोन्हीकडून वक्ता सुखरूप! हे पवित्र शास्त्राचे शिक्षण नव्हे. हिज्किया राजासाठी यशयाने प्रार्थनेचे उत्तरही आणले आणि गळवावर अंजिराचे पोटीसही बांधावयास सांगितले. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. पौलाने तीमथ्याला त्याच्या पोटाच्या दुखण्यावर उपाय लिहून पाठविला, आणि त्रफिमाला आजारी असा मिलेतात ठेवून तो पुढे गेला. स्वतःच्या शरीरातील काट्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा मिळाली. हे सर्व अल्पविश्वासी होते काय?

म्हणून माझ्या उपदेशक बंधूंनो, व्यवहाराची चार वाक्ये ऐका. ज्या मुलाचा वृत्तांत आपण वाचला त्याच्यासारखे झटके येणारी मुले आपल्या खेड्यांत आहेत; लाजेने घरे त्यांना लपवितात. झटका आला असता लोक कांदा किंवा चप्पल हुंगवितात, दातखीळ उचकटावयास तोंडात चमचा घालतात. तसे करू देऊ नका. मुलाला चुलीपासून, पाण्यापासून दूर करून कुशीवर वळवा, आणि झटका ओसरेपर्यंत जवळ बसा. पाच मिनिटांहून अधिक वेळ चालला तर लगेच दवाखाना गाठा. ह्या दुखण्यावर आज औषध आहे; बहुतेकांना नेमाने गोळ्या घेतल्याने उतार पडतो, आणि त्या एकाएकी सोडल्या तर झटके अधिक जोराने येऊन जिवावर बेतते. सर्प चावला तर प्रार्थना गाडीत बसून करा, आणि गाडी दवाखान्याकडे चालू द्या. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. तो कायदा फक्त शेजाऱ्याच्या देवऋष्यासाठी आहे अशा समजुतीत आपण राहू नये. ज्या घरी आजारी आहे त्या घरी तुम्ही विश्वासावर उपदेश कराल, पण गाडीभाड्याची व्यवस्था करणार नाही, तर याकोबाचे पत्र तुमच्याविरुद्ध साक्ष देईल. माझ्याविरुद्ध ते आजही देते.

आता त्या बापाविषयी थोडे राहिले आहे.

माझी बदली झाली, आणि मी दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. मध्ये चौदा वर्षे गेली. गेल्या वर्षी उत्तम शुक्रवाराच्या आदल्या आठवड्यात त्या बाजूला जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून मी त्याच्या घरी गेलो. घर तेच, वर आता पत्रे आले होते. तो खाटेवर बसला होता. केस पांढरे झाले होते. बाईने चहा ठेवला. मी चहा हातात धरून बसलो, पण घोट घेववेना. शेवटी म्हणालो, “दादा, त्या दिवशी वाटेत तुम्ही मला एक गोष्ट विचारली होती. मी चुकीचे उत्तर दिले. तुमचा विश्वास कमी पडला नव्हता. भावकीसमोर तुम्ही उभे राहिलात, तेवढा माझ्याजवळही नव्हता. गाडी करावयास मी हवा होतो, तो मी नव्हतो. मला क्षमा करा.”

पुष्कळ वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “साहेब, तुम्हांला ठाऊक नसेल. मी देऊळात येत होतो, पण त्या दिवसापासून मी आमेन म्हटलं नाही. ज्याचा विश्वास पुरत नाही त्यानं कशाला म्हणावं, असं वाटायचं.”

मी मार्काचा नववा अध्याय काढून वाचला. विस्तव आणि पाणी ह्या शब्दांशी आल्यावर बाईने पदर तोंडाला लावला. नंतर मी प्रार्थना केली. ती लांब नव्हती, आणि तीत मी कोणाच्याही विश्वासाविषयी काही मागितले नाही. फक्त त्या मुलाचे नाव घेतले, आणि तो प्रभूच्या हातात आहे एवढे म्हटले. प्रार्थना संपली. बाईने आमेन म्हटले. मी म्हटले. मग काही वेळ नुसती शांतता होती, बाहेर कोंबड्या दाणे टिपत होत्या, आणि मी डोळे न उघडता थांबलो. खाटेवरून, अगदी हळू आवाजात, तिसरे आमेन आले.